परस्परसाहाय्याचा अभ्यासक : पीटर क्रोपोत्किन

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मनात आलेले नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. महाराष्ट्रापासून दूर, घरोघरच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या शाळेच्या अंकात एका रशियन राजपुत्राचे काय काम, असे काही पालकांना वाटेल. परंतु एकमेकांच्या आधाराने जीव कसे तगतात, या एकाच प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, ते प्रिन्स पीटर क्रोपोत्किन मला आपल्या अंकात परके वाटत नाहीत.

त्यांचा जन्म 1842 साली मॉस्कोत झाला. वडिलांकडे तीन प्रांतांत मिळून सुमारे बाराशे भूदास होते आणि मॉस्कोतील घरात पन्नासएक नोकर राबत. दुसऱ्यांच्या कष्टांवर पोसले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते रोज ताटात वाढले जात होते. बाराव्या वर्षी या मुलाने आपल्या नावामागील ‘प्रिन्स’ ही पदवी लावणे सोडून दिले. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या राजसेवकांच्या सैनिकी विद्यालयात तो पहिल्या क्रमांकात राहिला आणि खुद्द झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या खास सेवेत नेमला गेला. तेथून राजधानीतील कोणतीही मानाची पलटण मिळू शकत असताना त्याने 1862 मध्ये मागून घेतली ती सायबेरियातील अमूर प्रांताची कोसॅक पलटण. सहाध्यायांना हा वेडेपणा वाटला.

सायबेरियातील पाच वर्षांनीच क्रोपोत्किन घडले. डार्विनचा ग्रंथ नुकताच प्रसिद्ध झाला होता. प्राणिशास्त्रज्ञ पोल्याकोव्ह यांच्यासह हिंडताना, एकाच जातीच्या जिवांमधील अन्नासाठीची झुंज पाहायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. दिसले ते निराळेच. अकाली हिमवर्षावाने जनावरे हजारोंनी मरत होती. झुंज होती ती निसर्गाशी. अमूरच्या काठी त्यांनी हजारो हरणे एकत्र येताना पाहिली. विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेले कळप बर्फापासून वाचण्यासाठी, नदी जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे, मिळून पार होत होते. हे दृश्य ते कधी विसरले नाहीत.

नोकरी सोडून ते भूगोलाकडे वळले. आशियातील पर्वतरांगांची दिशा नकाशांत चुकीची दाखवली जाते, हे त्यांनी सिद्ध केले. 1871 मध्ये फिनलंडमधील हिमनद्यांच्या खुणा तपासत असताना रशियन भौगोलिक संस्थेचे चिटणीसपद त्यांच्याकडे चालून आले. शेतकरी उपाशी असताना आपण विद्येचे सुख भोगावे का, या विचाराने त्यांनी ते नाकारले. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वतात घड्याळे बनविणाऱ्या कारागिरांची, कोणी मालक वा पुढारी नसलेली संघटना त्यांनी पाहिली आणि ते अराज्यवादी होऊन परतले. वेषांतर करून ते कामगारांना शिकवू लागले. 1874 मध्ये अटक झाली.

पीटर-पॉल किल्ल्याच्या ओलसर कोठडीत सुमारे दोन वर्षांत प्रकृती ढासळली, म्हणून त्यांना लष्करी इस्पितळाच्या बंदिवासात हलविण्यात आले. तेथून 1876 च्या उन्हाळ्यात ते निसटले. ही हकिकत मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही कान टवकारतात. अंगणात रोज फेरी मारण्याची परवानगी होती आणि सरपणाच्या गाड्यांसाठी फाटक उघडे राही. पहिल्या दिवशी लाल फुगा वर सोडून इशारा द्यायचे ठरले होते. पण फुगा भिंतीच्या वर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मित्रांनी रस्त्यावर टेहळणीची साखळीच उभी केली. एक जण दगडावर बसून चेरी खात होता. गाड्यांची गर्दी आली की खाणे थांबवायचे, हीच त्याची खूण. रस्ता मोकळा असल्याचा निरोप असा हस्ते-परहस्ते समोरच्या घरापर्यंत पोहोचला आणि तेथे व्हायोलिन वाजू लागले. क्रोपोत्किन यांनी अंगावरचा लांब झगा झटक्यात उतरवला (याचा त्यांनी कोठडीत कितीतरी सराव केला होता) आणि धाव घेतली. इस्पितळाच्या दारावरचा शिपाई पूर्वी तेथील प्रयोगशाळेत कामाला होता. एका मित्राने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, माणसाच्या अंगावरील एका परोपजीवी किड्याच्या गप्पांत गुंतवून ठेवले होते. बंदुका, भिंती, पहारे सगळे जागच्या जागी होते. तरी कैदी गाडीत बसून गेला. ती संध्याकाळ त्यांनी शहरातील एका उंची उपाहारगृहात काढली. पोलीस तेथे शोधणार नाहीत, हा होरा खरा ठरला.

त्यापुढे चाळीस वर्षे परदेशात गेली. मधली तीन फ्रान्सच्या तुरुंगांत. 1886 पासून ते इंग्लंडमध्ये स्थिरावले. त्याच वर्षी सायबेरियात हद्दपारीत असलेल्या त्यांच्या लाडक्या भावाने, अलेक्झांडरने, आत्महत्या केली. 1888 मध्ये थॉमस हक्सले यांनी निसर्ग म्हणजे जणू मल्लांचा आखाडा, असे मांडणारा लेख लिहिला. त्याला क्रोपोत्किन यांनी त्याच मासिकातून 1890 पासून लेखमालेने उत्तर दिले आणि 1902 मध्ये ‘परस्परसाहाय्य’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ निघाला. अर्धवर्तुळ करून मासे पकडणारे पेलिकन पक्षी, ब्रायटनच्या मत्स्यालयात उलट्या पडलेल्या सोबत्याला सरळ करण्यासाठी तासन् तास धडपडणारे खेकडे, मध्ययुगीन शहरांतील कारागिरांचे संघ, वादळात जीव धोक्यात घालून होड्या लोटणारे इंग्लंडच्या किनाऱ्यावरील स्वयंसेवक : सारे एका सूत्रात ओवलेले. स्पर्धा नाहीच, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सहकार हाही निसर्गाचा तितकाच नियम आहे, एवढेच होते.

मला या ग्रंथात एक उणीव जाणवते. फुकट खाणाऱ्यांचा विचार त्यात तोकडा आहे. आंब्यावर बांडगूळ वाढते, तसे सहकारावर आयते जगणारेही वाढतात, आणि त्यांना आवर कसा घालायचा, हा प्रश्न कोणतीही संस्था चालविणाऱ्याला रोज पडतो. क्रोपोत्किन यांना माणसाच्या चांगुलपणावर जरा अधिकच भरवसा होता. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मनीविरुद्ध मित्रराष्ट्रांची बाजू घेतली, तेव्हा त्यांचे जवळचे सहकारीही दुरावले.

1917 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते मायदेशी परतले. केरेन्स्कींनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. मॉस्कोजवळच्या द्मित्रोव्ह गावी, थंडी आणि टंचाई सोसत, ते नीतिशास्त्रावरील अखेरचा ग्रंथ लिहीत राहिले. तो अपुराच राहिला. 1920 च्या अखेरीस, राज्याच्या सुरक्षिततेसाठी माणसांना ओलीस धरण्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनी लेनिनना कडक शब्दांत पत्र लिहिले. 8 फेब्रुवारी 1921 रोजी त्यांचे निधन झाले. मॉस्कोत हजारो लोक अंत्ययात्रेला लोटले. नव्या राजवटीच्या तुरुंगात असलेल्या त्यांच्या काही अनुयायांना, परत येण्याच्या शब्दावर, एका दिवसापुरते सोडण्यात आले होते. नोव्होदेविची स्मशानभूमीत आपल्या गुरूला निरोप देऊन ते संध्याकाळी तुरुंगात परतले.