उकळणाऱ्या दगडाचे बारसे

तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते ते गाव म्हणून आमची काटेवाडी वारकऱ्यांना ठाऊक आहे. पण बारामती-इंदापूरच्या माणसाला आणखी एक ओळख पाठ असते, ती जमिनीच्या पोटातली. विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. दख्खनच्या या पाषाणातल्या पोकळ्यांत ठिकठिकाणी पांढरे, चमकदार खडे सापडतात. आम्ही त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो आणि डबराबरोबर बांधावर टाकून देतो. त्यातल्या बऱ्याच खड्यांचे खरे नाव झिओलाइट. हे नाव ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट मला आज सांगायची आहे, कारण तिचा धागा पाण्याशी येऊन पोहोचतो.

ॲक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेट १७२२ साली स्वीडनमध्ये जन्मला. वडील लष्करात मोठ्या हुद्द्यावर होते आणि तरुणपणी मुलाने त्यांचा चिटणीस म्हणून कामही केले. पण त्याचे मन रमले ते खाणींत. कोबाल्ट धातूचा शोध लावणारा गेऑर्ग ब्रांट हा त्याचा गुरू.

त्या काळी जर्मन खाणकामगार एका तांबूस खनिजाला शिव्या घालत. दिसायला तांब्यासारखे, पण भट्टीत घातले तर तांबे निघत नसे. ही भुताची करणी, असे ते समजत. क्रॉनस्टेटने स्वीडनच्या एका कोबाल्ट खाणीतला असाच धातुपाषाण घेतला. निघाला तो पांढरट, कठीण आणि चुंबकाला चिकटणारा नवाच धातू. ही १७५१ची गोष्ट. त्याने त्या भुताचेच नाव धातूला दिले, निकेल. तरी कित्येक विद्वान हे मिश्रणच आहे, असे म्हणत राहिले. १७७५ साली बर्गमनने तो धातू शुद्ध करून दाखवला, तेव्हा क्रॉनस्टेटला जाऊन दहा वर्षे झाली होती!

सोनाराकडे असते तशी फुंकनळी हे त्याचे आवडते हत्यार. १७५६ साली लॅपलँडमधल्या एका खाणीतला आणि आइसलँडचा असे दोन खडे त्याने ज्योतीत धरले. खडे फसफसले, फुगले, त्यांतून वाफ निघाली. दगडाला उकळी फुटलेली पाहून त्याने ग्रीक भाषेतले ‘उकळणे’ आणि ‘दगड’ हे दोन शब्द जोडून झिओलाइट हे नाव केले. पुढे १७५८ साली त्याने खनिजांवर ग्रंथ काढला. खनिजाची जात रंगरूपावरून ठरवू नये, त्यात काय आहे त्यावरून ठरवावी, हे त्याचे सूत्र. एवढा मोलाचा ग्रंथ, पण त्यावर त्याने स्वतःचे नावही घातले नाही. १७६५ साली, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी, तो गेला.

दगडात पाणी राहते कुठे, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. १९३० साली लायनस पॉलिंगने क्ष-किरणांच्या मदतीने काही झिओलाइटांची रचना उलगडली. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची जाळी आणि तिच्यात सारख्या मापाच्या खोल्या. दारात मावेल तो रेणू आत, बाकीचे बाहेर. चाळणीच म्हणा ना! या खोल्यांत सैल बसलेले सोडियम जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जागा बदलते आणि पाणी मऊ होते. म्हणून कपडे धुण्याच्या अनेक पावडरींत झिओलाइट असते. १९४०च्या दशकात ते कारखान्यासाठी मुद्दाम घडवता येऊ लागले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही १९८०च्या दशकात झिओलाइटपासून पेट्रोरसायन उद्योगासाठी उत्प्रेरक तयार केले.

पुढची पायरी म्हणजे मनाजोगती खोली बांधणे. धातूचे अणू सांध्यांसारखे आणि कार्बनी रेणू वाशांसारखे जोडून सच्छिद्र स्फटिक उभारणाऱ्या रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. याघींच्या चमूने अशा स्फटिकात रात्रीच्या हवेतली वाफ धरून, ॲरिझोनाच्या वाळवंटात दिवसाच्या उन्हावर तिचे पाणी करून दाखवले आहे. पाणी थोडेच मिळाले, आणि त्यावर ऊस पिकेल असे मी मुळीच म्हणणार नाही. पण टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला कोरड्या हवेतून निघालेल्या तांब्याभर पाण्याचीही किंमत कळते.

क्रॉनस्टेटला यातले काहीच ठाऊक नव्हते. एका खड्यातून वाफ निघाली, एवढेच त्याने पाहिले. उपयोग काय, असे विचारून त्याने तो खडा फेकून दिला नाही. पाहिले ते नीट लिहून ठेवले आणि त्याला एक नाव दिले. पुढच्यांना तेवढे पुरले.