फुलांच्या कागदातून बातम्या वाचणारी आणि नजरकैदेत प्रवाळाची कथा लिहिणारी हवाईची शेवटची राणी!

डिस्नेचा 'लिलो अँड स्टिच' पाहिलाय का? त्यात दोघी बहिणींची ताटातूट होणार असते, तेव्हा मोठी बहीण नानी धाकट्या लिलोला एक संथ गाणं म्हणून दाखवते. तेच गाणं १९६१च्या 'ब्लू हवाई' सिनेमात एल्विस प्रेस्लीने गायलं होतं. गाण्याचं नाव 'अलोहा ओए', म्हणजे निरोपाचं गाणं. जगभर हवाईची ओळख बनलेलं हे गाणं तिथल्या एका राणीने लिहिलंय. त्याच राणीला पुढे तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैदी म्हणून ठेवलं गेलं. तिचं नाव लिलिउओकलानी.

पण मंडळी, तिची गोष्ट समजून घ्यायची तर आधी ती बेटं समजून घ्यायला हवीत.

हवाई म्हणजे एक बेट नाही, ती सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची साखळी आहे. प्रशांत महासागराच्या तळातून वर येणाऱ्या लाव्ह्याने ही बेटं एकामागून एक घडवली. त्यातली आठ मोठी. कर्कवृत्त याच साखळीतून जातं, पण समुद्रावरून सतत वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे हवा जाचक गरम होत नाही. सगळ्यात जवळचा खंड साडेतीन हजार किलोमीटरहून लांब! त्यामुळे माणूस येण्याआधी इथे जे काही पोहोचलं ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पक्ष्यांसोबत. जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी एकच, तो म्हणजे वटवाघूळ.

मग पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून आले आणि सोबत आपल्या ओळखीची एक वनस्पती घेऊन आले. अळू! आपण पानांचं फदफदं आणि वड्या करतो, हवाईचे लोक अळूचा कंद शिजवून कुटतात आणि त्याची 'पोइ' नावाची लापशी करतात. अळूला ते 'कालो' म्हणतात. त्यांच्या पुराणकथेत एका देवाचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते जिथे पुरलं तिथे पहिला अळू उगवला. त्यानंतर जन्मलेलं मूल म्हणजे हवाईच्या माणसांचा पूर्वज. थोडक्यात, अळू हा माणसाचा थोरला भाऊ. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव ठेवलं डोळे दुखतात म्हणून

२ सप्टेंबर १८३८ रोजी होनोलुलूमध्ये एका सरदार घराण्यात या मुलीचा जन्म झाला. त्या वेळी राज्यातल्या एका उच्चपदस्थ स्त्रीचे डोळे आले होते. तिने या बाळाची नावं ठेवली लिलिउ, लोलोकू, वालानिया आणि कामाकाएहा. अर्थ अनुक्रमे चुरचुरणं, अश्रू, जळजळ आणि दुखरे डोळे. हवाईमध्ये अशी प्रसंगावरून नावं ठेवायची पद्धतच होती. पुढे ती राजवारस झाली तेव्हा यातल्याच लिलिउपासून लिलिउओकलानी हे राजनाव तयार झालं.

जन्मल्यावर तिला दुसऱ्या सरदार कुटुंबात देण्यात आलं. याला म्हणतात 'हानाई'. आपल्याकडच्या दत्तकासारखंच, पण जन्मदात्यांशी नातं तुटत नाही. घराणी एकमेकांना बांधून ठेवण्याचा हा मार्ग होता. तिथे तिला बर्निस पाउआही ही मानलेली बहीण मिळाली. शिक्षण मिशनरींच्या शाळेत झालं, तिथे इंग्रजी आणि चर्चचं संगीत शिकली. हे दोन्ही तिने आयुष्यभर वापरलं, पण स्वतःच्या पद्धतीने. चाल चर्चच्या भजनासारखी, शब्द हवाईयन, आणि अर्थ दुहेरी.

हा दुहेरी अर्थ म्हणजे 'काओना'. हवाईच्या कवितेत पाऊस हा नुसता पाऊस नसतो. प्रत्येक दरीच्या पावसाला, वाऱ्याला वेगळं नाव असतं. त्या नावावरून जागा कळते, जागेवरून माणूस. फुलाचं वर्णन चाललंय असं वाटावं आणि जाणकाराला प्रेमपत्र ऐकू यावं, किंवा राजकीय निरोप. आपल्याकडे भारुडात विंचू चावतो तेव्हा तो विंचू कोणता हे आपल्याला कळतं ना, तसंच.

१८६२ मध्ये तिचं लग्न जॉन डॉमिनिस या अमेरिकन जहाज कप्तानाच्या मुलाशी झालं. संसार फारसा सुखाचा नव्हता. १८६६ मध्ये तत्कालीन राजाच्या सांगण्यावरून तिने हवाईचं राष्ट्रगीत लिहिलं. आणि १८७८च्या सुमारास ओआहू बेटावर घोड्यावरून परतताना तिने दोघांना निरोपाची मिठी मारताना पाहिलं आणि वाटेतच 'अलोहा ओए' जुळवायला घेतलं. त्यात डोंगर उतरणारा पाऊस आहे आणि लेहुआचं फूल आहे. लाव्हा थंड झाल्यावर त्या काळ्या खडकावर जी झाडं सगळ्यात आधी रुजतात, त्यात लेहुआ असतो. तिने एकूण दीडशेहून जास्त गाणी रचली.

ऊस आला आणि पाणी गेलं

१८७४ मध्ये तिचा भाऊ कालाकाउआ राजा झाला. हा मोठा हौशी गडी. मिशनरींच्या प्रभावामुळे मागे पडलेला हुला नाच त्याने पुन्हा राजदरबारी आणला. १८८१ मध्ये तो जगाच्या सफरीवर निघाला. या सफरीत तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही येऊन गेला, बरं का!

तो बाहेर असताना राज्य सांभाळलं बहिणीने. नेमकी तेव्हाच होनोलुलूत देवीची साथ आली. बाहेरून येणाऱ्या रोगांनी हवाईचं काय केलं होतं ते तिला माहीत होतं. कॅप्टन कुक १७७८ मध्ये आला तेव्हा लाखोंची असलेली वस्ती शंभर वर्षांत हजारांवर आली होती. तिने बेटांमधली जहाजं सरळ बंद केली. व्यापार थांबला, ओरड झाली, ती बधली नाही. साथ ओआहू बेटाबाहेर पसरली नाही. तिच्या कारकिर्दीतला हा निर्णय फार कमी सांगितला जातो. मला तरी तो गाण्यांइतकाच मोठा वाटतो.

पण खरी सत्ता तोवर उसाकडे सरकत होती. १८७५ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि हवाईची साखर तिकडे विनाशुल्क जाऊ लागली. मळे वाढले. मळ्यांना पाणी हवं, म्हणून डोंगरातले ओढे कालव्यांनी वळवले गेले, आणि ज्या खाचरांत अळू पिकायचा ती कोरडी पडू लागली. थोरल्या भावाची गोष्ट आठवली?

मळ्यांनी अजून एक उद्योग केला. उसातले उंदीर मारायला १८८३ मध्ये जमैकातून मुंगूस आणलं. हे मुंगूस मूळचं आपल्या भारतातलं. गंमत अशी की उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा. उंदीर राहिले आणि मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त करायला सुरुवात केली. हवाईत त्याचा त्रास आजही चालू आहे.

१८८७ मध्ये मळेवाले आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुकांच्या जोरावर राजाकडून नवं संविधान मंजूर करून घेतलं. त्याला 'संगिनीचं संविधान' म्हणतात. राजाचे अधिकार गेले. मतदानाला मालमत्ता आणि उत्पन्नाच्या अटी लागल्यामुळे असंख्य मूळ हवाईयन मतदार बाद झाले. आणि नागरिक नसलेल्या अमेरिकन-युरोपियन रहिवाशांना मात्र मत मिळालं!

दोन वर्षांचं राज्य

जानेवारी १८९१ मध्ये कालाकाउआ सॅन फ्रान्सिस्कोत वारला आणि लिलिउओकलानी गादीवर आली. त्याच वर्षी नवराही गेला. अमेरिकेच्या नव्या शुल्क धोरणामुळे साखरेचा बाजार बसला होता, तिजोरी रिकामी होती. पैशासाठी तिने लॉटरी आणि अफूच्या परवान्याच्या कायद्यांवर सह्या केल्या. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. हा निर्णय चुकलाच म्हणायचा.

पण सत्तापालटाचं कारण ते नव्हतं. १४ जानेवारी १८९३ला तिने नवं संविधान आणायचा प्रयत्न केला, ज्यात गेलेली मतं आणि राजसत्तेचे अधिकार परत येणार होते. विरोधकांच्या तेरा जणांच्या समितीने लगेच हालचाल केली. अमेरिकन राजदूत स्टीव्हन्स त्यांच्या बाजूने. १६ तारखेला अमेरिकन युद्धनौकेवरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले आणि राजवाड्याजवळ मुक्काम ठोकला. १७ला राणीने सत्ता सोडली, पण सोडताना एक चलाख काम केलं. नव्या हंगामी सरकारपुढे शरण न जाता तिने निषेध नोंदवून सत्ता अमेरिकेच्या हवाली केली. हेतू हा की अमेरिकेने चौकशी करावी आणि राज्य परत द्यावं. चौकशी झालीही. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी हा सत्तापालट चुकीचा असल्याचं संसदेला कळवलं. पण राज्य परत मिळालं नाही. १८९४ मध्ये सत्तापालट करणाऱ्यांनी हवाईला प्रजासत्ताक जाहीर केलं, सॅनफर्ड डोल अध्यक्ष झाले.

आता राणीच्या समर्थकांना सभा घेणं अवघड. मग काय केलं? बाग लावली! ऑक्टोबर १८९४ मध्ये राणीच्या जमिनीवर 'उलुहाइमालामा' नावाच्या बागेत लोक झाडं लावायला जमले. काओना आठवतं ना? कुठलं झाड कुठे लावायचं हे अर्थ पाहून ठरलं होतं. वरकरणी वृक्षारोपण, प्रत्यक्षात राणीवरच्या निष्ठेचं जाहीर प्रदर्शन. फुलझाडं लावली म्हणून कोण कुणाला अटक करणार?

जानेवारी १८९५ मध्ये समर्थकांनी सशस्त्र उठाव केला. तो फसला. राणीच्या घराच्या बागेत शस्त्रं सापडली आणि तिला अटक झाली. समर्थकांना फाशी होईल या भीतीने तिने गादीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. लष्करी खटला चालला तो तिच्याच दरबारात. आरोप, कट माहीत असून सांगितला नाही. तिने तो नाकारला. शिक्षा झाली पाच वर्षं सक्तमजुरी आणि पाच हजार डॉलर दंड. सक्तमजुरी करायला लावली नाही, पण इओलानी राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तिला सुमारे आठ महिने कोंडून ठेवलं.

वर्तमानपत्रं बंद. पण फुलं चालत होती! तिच्यासोबत राहिलेल्या एव्हलिन विल्सनचा मुलगा जॉन राणीच्या बागेतली फुलं घेऊन यायचा, आणि ती गुंडाळलेली असायची वर्तमानपत्राच्या कागदात. पहारेकऱ्यांना फुलं दिसायची, राणीला बातम्या. तिने त्या फुलांवर एक गाणंही रचलं. हा जॉन पुढे होनोलुलूचा महापौर झाला.

सुरुवात प्रवाळापासून

याच कैदेत तिने 'कुमुलिपो'चं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. कुमुलिपो म्हणजे दोन हजारांहून जास्त ओळींचं सृष्टीच्या उत्पत्तीचं स्तोत्र. शतकानुशतकं तोंडपाठ चालत आलेलं. भावाच्या काळात, १८८९ मध्ये, ते हवाईयनमध्ये छापलं गेलं होतं. त्यात अंधारातून आधी प्रवाळाचा जीव जन्मतो. मग समुद्रातले तारामासे, शिंपले. समुद्रातल्या प्रत्येक वनस्पतीला जमिनीवरची एक जोडीदार वनस्पती. मग मासे, पक्षी, कासवं, पुढे उंदीर, कुत्रा, वटवाघूळ. मग देव आणि माणसं, आणि शेवटी राजघराण्याच्या पिढ्या.

म्हणजे ही एक वंशावळच, जिच्या एका टोकाला राजा आणि दुसऱ्या टोकाला प्रवाळ. आता विचार करा, हे तिने नेमकं तेव्हाच का घेतलं असेल? सत्ता घेणाऱ्यांचे बापजादे जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी बेटावर उतरलेले. आपला हक्क कुठून सुरू होतो, हे सांगायला यापेक्षा मोठा कागद तिच्याकडे नव्हता. सुटका झाल्यावर १८९७ मध्ये ते भाषांतर छापलं, १८९८ मध्ये आत्मचरित्रही आलं.

दरम्यान, १८९६च्या कायद्याने शाळांमध्ये इंग्रजी हेच माध्यम ठरलं आणि हवाईयन भाषा वर्गाबाहेर गेली. १८९७ मध्ये अमेरिकेत विलीन व्हायला विरोध म्हणून २१ हजारांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा होती चाळीस हजारांच्या आसपास! राणी स्वतः वॉशिंग्टनमध्ये होती. विलीनीकरणाचा करार अडला. पण १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झालं, अमेरिकेला प्रशांत महासागरात नाविक तळ हवा होता, आणि कराराऐवजी साध्या ठरावाने हवाई गिळलं गेलं. १२ ऑगस्टला राजवाड्यावरचा हवाईचा झेंडा उतरवला तेव्हा ती घरात बसून राहिली, सोहळ्याला गेली नाही.

राजघराण्याच्या जमिनींसाठी तिने अमेरिकन सरकारवर दावा लावला, तो १९१० मध्ये हरली. स्वतःच्या खासगी मालमत्तेचा तिने १९०९ मध्येच अनाथ मुलांसाठी ट्रस्ट केला होता. तो आजही चालू आहे. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी, ७९व्या वर्षी ती गेली.

अमेरिकेच्या संसदेने १८९३च्या सत्तापालटाबद्दल १९९३ मध्ये माफी मागितली, जमीन मात्र परत दिली नाही. हवाईयन भाषा १९७८ मध्ये राज्यभाषा झाली आणि १९८४ पासून लहान मुलांच्या हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या सुरू झाल्या.

होनोलुलूत विधानभवन आणि इओलानी राजवाड्याच्या मध्ये तिचा कांस्य पुतळा आहे. डाव्या हातात तीन गोष्टी आहेत. १८९३चं संविधान, 'अलोहा ओए'चं पान आणि कुमुलिपो. उजवा हात पुढे केलेला आहे, आणि लोक येता-जाता त्यात ताज्या फुलांचे हार अडकवून जातात.