घळीतले समर्थ आणि गावातले समर्थ

काल आपण दासबोधातल्या बाराव्या दशकाचा पहिला समास वाचला. संसार नीट करा आणि परमार्थही करा, एकासाठी दुसऱ्याला वाऱ्यावर सोडू नका, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर मनात येतंच, की सांगणं सोपं आहे, पण हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः कसं जमवलं? म्हणून आज ओव्यांच्या ऐवजी समर्थांचं आयुष्यच थोडं वाचूया.

समर्थांचा जन्म १६०८ चा, रामनवमीचा. गाव जांब, आजच्या जालना जिल्ह्यात. नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर सावधान हा शब्द कानावर पडला आणि मुलगा मांडवातून निघून गेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. तो पोचला नाशिकजवळच्या टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर.

तिथला त्यांचा दिनक्रम बघण्यासारखा आहे. पहाटे उठायचं, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि दुपारपर्यंत जप करायचा. मग माधुकरी मागायची. त्यानंतर ग्रंथांचा अभ्यास, कीर्तन-पुराण ऐकणं. असं एकदोन महिने नाही, १२ वर्षं! त्रयोदशाक्षरी मंत्राचा १३ कोटी जप त्यांनी इथे केला असं परंपरा सांगते. आता या दिवसाकडे नीट बघा. ध्येय आहे, आकडा आहे, शिस्त आहे. आणि यातला अर्धा दिवस वाहत्या पाण्यात जातोय. आपल्याला हे दोन वेगळे कप्पे वाटतात. त्यांच्याकडे तो एकच दिवस होता.

पुढची १२ वर्षं ते भारतभर पायी फिरले. लोकांची दैना डोळ्यांनी पाहिली. याची किंमतही मोठी होती, आणि ती फक्त त्यांनी मोजली नाही. घरी आई राणूबाई होत्या. मुलाची वाट बघत त्यांची दृष्टी गेली, आणि तब्बल २४ वर्षांनी मुलगा दारात येऊन उभा राहिला, अशी कथा आहे. मोठं ध्येय घेतलं की घरातलं कोणीतरी आपली वाट बघत असतं, एवढं तरी या कथेतून आपण लक्षात ठेवावं.

१६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले आणि कामाचा धडाका सुरू झाला. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं राहिलं. शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे, शिराळा अशा गावांत मिळून साधारण दहा वर्षांत ११ मारुती स्थापन झाले. गावोगाव मठ निघाले. आजच्या भाषेत सांगायचं तर एकामागून एक डेडलाइन!

आणि या धावपळीच्या मधेमधे हाच माणूस दिसेनासा व्हायचा. कुठे जायचा? घळीत. घळ म्हणजे डोंगराच्या पोटातली नैसर्गिक गुहा. हेळवाकची घळ, तोंडोशीची घळ, मोरघळ, सज्जनगडाजवळची रामघळ ही त्यातली काही नावं. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे महाडजवळची, वरंध घाटाच्या कुशीतली शिवथरघळ. पावसाळ्यात तिच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो. आपण तिथे वीकेंडला जातो, दोन रील काढतो आणि भजी खाऊन परत येतो. समर्थ तिथे राहिले. परंपरेनुसार दासबोध इथेच आकाराला आला. समर्थ सांगत होते आणि कल्याणस्वामी लिहून घेत होते. २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या. ज्या ग्रंथात राजकारण आहे, यत्न आहे, अगदी अक्षर कसं काढावं हेही आहे, तो बाजारपेठेत नाही, धबधब्याच्या आवाजात तयार झाला.

निसर्गाकडे त्यांचं लक्षही बारीक होतं. बागप्रकरण नावाच्या त्यांच्या रचनेत झाडाझुडपांची नावंच नावं आहेत. झाडं नुसती हिरवी न दिसता एकेक वेगळी दिसायला थांबावं लागतं!

पण मित्रांनो, खरा प्रश्न पुढे आहे. एवढा पसारा मागे टाकून ते घळीत जाऊ कसे शकले? कारण त्यांनी माणसं तयार केली होती आणि त्यांच्यावर विश्वास टाकला होता. टाकळीला उद्धवस्वामी होते. मिरजेचा मठ वेणाबाईंकडे होता. चाफळचं अक्काबाई बघत. कल्याणस्वामींनाही पुढे डोमगावला धाडलं. त्या काळात स्त्रियांच्या हाती मठ देणं ही साधी गोष्ट नव्हती. माझ्याशिवाय काही चालतच नाही असं ज्याला वाटतं, त्याला एकांत मिळत नाही. रजा टाकली तरी तो लॅपटॉप घेऊनच जातो. थांबायला आधी अहंकार थोडा खाली ठेवावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. सगळं सोडून गावाकडे जाऊन राहू, हे स्वप्न आपल्यातले बरेच जण बघतात. समर्थ घळीत कायमचे राहिले नाहीत. दर वेळी खाली उतरले, लोकांत मिसळले, नवं काम हाती घेतलं. आळसाला तर दासबोधात कुठेच थारा नाही. घळ त्यांच्यासाठी पळून जायची जागा नव्हती. पुढचं काम स्पष्ट दिसावं म्हणून बसायची जागा होती.

१६७६ पासून ते सज्जनगडावर राहिले आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला त्यांनी तिथेच देह ठेवला. तीच आपली दासनवमी. गडावर गेलात तर समाधीचं दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. कड्यापाशी जरा बसा, खाली उरमोडीचं खोरं बघा.

आजची साधना छोटीशी. एक काम असं निवडा जे दुसरं कोणी करू शकेल, आणि ते विश्वासाने त्याच्याकडे सोपवा. त्यातून जो अर्धा तास सुटेल, तो मोबाइल घरी ठेवून एखाद्या झाडाखाली, टेकडीवर किंवा नदीकाठी घालवा. तोंडाने नाम चालू द्या. आणि मग परत या, कारण काम वाट बघतंय.

उद्या पुढचा समास.

जय जय रघुवीर समर्थ!