वर्नर बिशॉफ

वर्नर बिशॉफ (२६ एप्रिल, १९१६ – १६ मे, १९५४) हे स्विस वृत्तछायाचित्रकार होते. बिहारमधील १९५१ सालच्या दुष्काळाच्या छायाचित्रांमुळे ते विशेष ओळखले जातात.

जीवन

बिशॉफ यांचा जन्म झुरिक येथे झाला. तेथील कलाशाळेत त्यांनी हान्स फिन्स्लर यांच्या हाताखाली छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. शंख-शिंपले, वनस्पती आणि छायाप्रकाश हे त्यांचे सुरुवातीचे विषय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त युरोपात प्रवास केल्यावर त्यांचे लक्ष माणसांकडे वळले. रचनेचा काटेकोरपणा मात्र कायम राहिला. १९४९ मध्ये ते मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेत दाखल झाले.

बिहारची छायाचित्रे

१९५१ मध्ये बिशॉफ भारतात आले. बिहारच्या खेड्यांत त्यांनी टिपलेली छायाचित्रे अमेरिकेतील लाइफ या साप्ताहिकाने छापली. मूल घेऊन हात पसरणारी भुकेली माता हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र होय. त्याच सुमारास भारताला गहू द्यावा की नाही, यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये वाद चालू होता. जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या धान्यकर्जाचा कायदा झाला. त्याचे श्रेय केवळ छायाचित्रांना देता येत नाही, कारण शीतयुद्धाचे राजकारणही त्यामागे होते. पण दूरच्या भुकेला अमेरिकी वाचकांपुढे चेहरा मिळाला, हे खरे.

याच दौऱ्यात त्यांनी जमशेदपूरचा पोलाद कारखाना आणि दामोदर खोऱ्यातील धरणाचे कामही टिपले. ही छायाचित्रे तुलनेने अपरिचित राहिली. पाश्चात्त्य साप्ताहिकांच्या पानांवर नव्या भारताचे धरण मागे पडले आणि पसरलेला हात पुढे आला. त्यामुळे अशा चित्रणातून परकी माणसे केवळ निनावी, असहाय दिसतात, हा आक्षेप बिशॉफ यांच्या कामालाही लागू होतो. दुःखाची इतकी बांधेसूद मांडणी करावी का, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो.

उत्तरकाळ

सनसनाटी मजकुराच्या मागे धावणाऱ्या नियतकालिकांविषयी बिशॉफ स्वतः अस्वस्थ होते. कोरियातील केसाँग येथे त्यांनी कॅमेरे रोखून उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्रकारांच्या घोळक्याचेच छायाचित्र घेतले. युद्ध पाहायला आलेल्यांनाच त्यात पाहण्याचा विषय केलेले आहे. कोजे बेटावरील युद्धकैद्यांच्या छावणीत स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या प्रतिकृतीपुढे नाचणारे कैदीही त्यांनी टिपले. जपानमध्ये त्यांनी अधिक निवांतपणे काम केले; त्यावरील पुस्तकाला १९५५ मध्ये नादार पुरस्कार मिळाला.

तोपर्यंत बिशॉफ हयात नव्हते. १६ मे, १९५४ रोजी पेरूमधील अँडीज पर्वतात त्यांची मोटार दरीत कोसळली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. कुस्कोजवळच्या वाटेवर बासरी वाजवत चाललेल्या मुलाचे प्रसिद्ध छायाचित्र याच अखेरच्या प्रवासातील आहे. त्यानंतर नऊच दिवसांनी मॅग्नमचे एक संस्थापक रॉबर्ट कापा इंडोचायनात सुरुंगाच्या स्फोटात मरण पावले.