मुन्सफ लोकहितवादी

मुन्सफ म्हणजे कोण, हे तुम्हांला सांगायला नको. इन्साफ करतो तो मुन्सफ. आज तुम्हांला अशाच एका मुन्सफाची ओळख करून घ्यायची आहे. पुढे ते आपल्या नाशिकलाही न्यायाधीश होते.

त्यांचे नाव गोपाळ हरी देशमुख. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. (फडणीस हा शब्दही मूळचा फारसी, फर्दनवीस.) १८१८ साली आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि त्याच वर्षी पेशवाई बुडाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १८२३ साली, पुण्यात गोपाळरावांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. इंग्रजी शाळेत ते गेले तेव्हा अठरा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याहूनही मोठे!

१८४४ साली ते सरकारी भाषांतरकार झाले. दक्षिणेतील सरदारांचे कामकाज पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची ती कचेरी होती. राज्य गमावलेले सरदार आणि राज्य करणारे साहेब, दोघेही त्यांना जवळून पाहता आले. आपले राज्य का गेले? या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही.

१८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात ते 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहू लागले. आपला आळस, अज्ञान आणि जातीचा गर्व यांमुळेच आपण हरलो, असे त्यांनी स्वतः ब्राह्मण असूनही कठोरपणे लिहिले. इंग्रजांचे राज्य त्यांना शाळेसारखे वाटे. पण शाळा कधीतरी संपतेच ना? या देशालाही पार्लमेंट हवे, लोकांनी देशी माल वापरावा, हेही त्यांनी तेव्हाच लिहिले. आणि हे लिहिणारा पंचविशीतला तरुण पगार घेत होता सरकारचा!

१८५२ साली ते मुन्सफ झाले आणि १८५६ साली सहायक इनाम कमिशनर. हे काम अवघड होते. इनामाचा पुरावा पटला नाही, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे इनाम जाई. लोक या कमिशनवर फार चिडले होते. पेशव्यांच्या सेनापतीच्या फडणिसाचा मुलगा आता इंग्रजांसाठी जुन्या सनदा तपासत होता! इंग्रजांच्या न्यायावर त्यांनी जरा जास्तच भरवसा ठेवला, असे मला वाटते. तुम्हांला काय वाटते?

पुढे अहमदाबाद आणि नाशिक येथे न्यायाधीशाचे काम करून १८७९ साली ते निवृत्त झाले. १८९२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची ती पत्रे 'शतपत्रे' म्हणून आजही वाचली जातात. मोजून पाहिली तर ती शंभराहून आठ अधिक भरतात.