मधुसूदन नरहर देशपांडे

मधुसूदन नरहर देशपांडे (इ.स. १९२० - इ.स. २००८) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ, कलेतिहासाचे अभ्यासक व संवर्धनतज्ज्ञ होते. इ.स. १९७२ ते इ.स. १९७८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक होते. सातमाळा डोंगररांगेतील पितळखोरे येथील लेण्यांची साफसफाई व अभ्यास, तसेच कोकणातील पन्हाळेकाजी येथील लेणीसमूहाचे संशोधन ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कामे मानली जातात. त्यांचे लेखन म.न. देशपांडे या नावाने प्रसिद्ध झाले.

जन्म व शिक्षण

देशपांडे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे झाला. कोरेगाव तालुक्यातील हे गाव आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याच्याशी संबंधित जुन्या वास्तूंसाठी ओळखले जाते. देशपांडे यांचे उच्च शिक्षण पुण्यात झाले. अर्धमागधी भाषा व जैन वाङ्मय हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. दख्खनमधील प्राचीन लेण्यांतील शिलालेख बहुतांशी ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. त्यामुळे हे शिक्षण त्यांना पुढील कामात उपयोगी पडले.

इ.स. १९४४ मध्ये सर मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिला येथे उत्खननाचे प्रशिक्षण देणारी शाळा चालवली. देशपांडे हे या शाळेचे विद्यार्थी होते. त्यांच्या आधीचे महासंचालक ब्रजबासी लाल व नंतरचे महासंचालक बी.के. थापर यांनीही तेथेच प्रशिक्षण घेतले होते. मातीचे थर ओळखून त्यांचा कालक्रम लावणे आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद ठेवणे, ही व्हीलर यांची पद्धत होती.

उत्खनने

इ.स. १९५२-५३ मध्ये देशपांडे यांनी जळगाव जिल्ह्यातील गिरणा नदीकाठच्या बहाळ येथे उत्खनन केले. समोरच्या तीरावरील टेकवाडे येथे इ.स. १९५६-५७ मध्ये ताम्रपाषाणयुगीन दफने उजेडात आली. इ.स. १९५८ मध्ये बी.पी. बोपर्डीकर यांनी अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे स्थळ शोधले. तेथील पहिले उत्खनन इ.स. १९५८-५९ मध्ये देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. पुढे इ.स. १९७४ मध्ये याच गावात रथ, हत्ती, गेंडा व रेडा या ब्राँझच्या चार जड मूर्ती सापडल्या. देशपांडे महासंचालक असतानाच तेथील उत्खनन पुन्हा सुरू झाले.

पितळखोरे

पितळखोरे लेणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कन्नडजवळ, एका अरुंद व झाडीने भरलेल्या दरीत आहेत. येथील सर्वांत जुनी लेणी इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातील असून अजिंठ्याच्या आरंभीच्या लेण्यांच्या काळाशी त्यांचे नाते आहे. या लेण्यांची माहिती विद्वानांना एकोणिसाव्या शतकापासून होती. मात्र येथील खडक ठिसूळ असल्याने दर्शनी भाग कोसळले होते आणि चैत्यगृह व विहार यांपुढील अंगण दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते.

इ.स. १९५०च्या दशकात हा ढिगारा काढण्यात आला. त्याखालून ओळीने उभ्या हत्तींचा जोतेवजा शिल्पपट्ट, सशस्त्र द्वारपालांनी रक्षिलेले प्रवेशद्वार व पाच फण्यांचा नाग बाहेर आला. हसऱ्या चेहऱ्याच्या एका यक्षाची मूर्तीही याच वेळी मिळाली. तिच्या हातावरील लेखात ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे नमूद आहे. इतक्या प्राचीन शिल्पावर घडवणाऱ्याचे नाव मिळणे दुर्मीळ असल्याने हा लेख महत्त्वाचा ठरला. ही मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पैठणच्या एका गंधी कुळातील व्यक्तीने व एका राजवैद्याने येथे दान दिल्याचे उल्लेखही शिलालेखांत आढळतात. देशपांडे यांनी या सर्व कामाचा सविस्तर वृत्तान्त इ.स. १९५९ मध्ये विभागाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पन्हाळेकाजी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी, दाट झाडीत पन्हाळेकाजीची लेणी आहेत. यांतील अनेक लेणी नदीच्या गाळाने भरून गेली होती. आसपासच्या ग्रामस्थांना ती ठाऊक असली तरी इतिहासाच्या ग्रंथांत त्यांना स्थान नव्हते. या गावात शिलाहार राजा अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याचा इ.स. ११३९ मधील ताम्रपट मिळाला आणि अभ्यासकांचे लक्ष या परिसराकडे वळले. हा ताम्रपट उजेडात आणण्यात दाभोळचे इतिहास-अभ्यासक अण्णा शिरगावकर यांचा मोठा वाटा होता. ताम्रपटात उल्लेखिलेले प्रणालक म्हणजेच आजचे पन्हाळे होय, असे देशपांडे यांनी प्रतिपादन केले.

इ.स. १९७०च्या दशकात गाळ काढून येथील २९ लेण्यांची पाहणी झाली. आरंभीची लेणी हीनयान बौद्धांची आहेत. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास येथे वज्रयान पंथाचे केंद्र होते. महाचंडरोषण या देवतेची मूर्ती त्याचा पुरावा आहे. शिलाहार काळात येथे शिव व गणपती यांची उपासना सुरू झाली आणि त्यानंतर नाथ संप्रदायाचा प्रभाव वाढला. गौर लेणे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २९व्या लेण्यात नाथ सिद्धांच्या मूर्ती आहेत. एकाच ठिकाणी हजार वर्षांहून अधिक काळातील हे धार्मिक स्थित्यंतर पाहावयास मिळत असल्याने महाराष्ट्राच्या, विशेषतः नाथ संप्रदायाच्या इतिहासासाठी हे स्थळ मोलाचे आहे. देशपांडे यांचा या लेण्यांवरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १९८६ मध्ये विभागाच्या स्मृतिग्रंथमालेत ८४वा ग्रंथ म्हणून प्रकाशित झाला.

महासंचालकपद व अन्य कार्य

देशपांडे यांच्या कार्यकाळात पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा इ.स. १९७६ मध्ये अमलात आला. जुन्या मूर्ती व कलावस्तू यांची नोंदणी आणि त्यांच्या निर्यातीवरील नियंत्रण या कायद्याने घालून दिले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर अमलानंद घोष यांनी संपादित केलेल्या व इ.स. १९६७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथातही देशपांडे यांचे लेखन आहे.

मूल्यमापन

देशपांडे यांच्या नावाशी जोडली जाणारी बहुतेक स्थळे स्थानिकांना किंवा आधीच्या संशोधकांना माहीत होती. ढिगारा व गाळ काढून मूळ वास्तू मोकळी करणे, तेथील लेख व मूर्ती यांच्या आधारे तिचा काळ व पंथ ठरवणे आणि तिची संपूर्ण नोंद छापून ठेवणे, हे त्यांचे योगदान होय. पितळखोरे येथील खडकाची झीज आजही थांबलेली नाही, त्यामुळे त्यांनी केलेल्या नोंदींचे महत्त्व टिकून आहे.