तीन शिक्षकांची शाळा

वाचकहो, १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती म्हणून बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपण ऐकले असेल. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणूनही ते परिचित आहेत. परंतु या मानाच्या पदांआधी त्यांनी एका लहानशा शाळेसाठी घेतलेले परिश्रम आपण अवश्य जाणून घ्यावेत.

१० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षणाचा आरंभ मदरशात झाला. पुढे एल्फिन्स्टन आणि मग विलायत. इंग्रजी शिकला की मुलगा दीनपासून दुरावतो, अशी धास्ती तेव्हा घरोघरी होती. तरीही वडील मुल्ला तय्यब अली यांनी मुलांना परदेशी धाडले. १८६७ साली बद्रुद्दीन बॅरिस्टर होऊन परतले.

आपल्याला लाभलेले शिक्षण कौमच्या सामान्य मुलालाही लाभावे, यासाठी त्यांनी १८७४ साली थोरले बंधू कमरुद्दीन, कोकणी मुस्लिमांचे पुढारी नाखुदा मोहम्मद अली रोगे आदींसह अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. मात्र शाळेचे दार उघडण्यास आणखी सहा वर्षे लागली. १८८० साली बाबुला टँक परिसरात ती सुरू झाली, तेव्हा शिक्षक होते तीन आणि विद्यार्थी सुमारे १२०. मुंबईसारख्या शहरात ही संख्या ती किती! पण सहा वर्षांचा सब्र ज्यांनी केला, ते संख्येने खचले नाहीत.

१८९० साली बोरीबंदर स्थानकासमोर शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि १८९३ मध्ये ती भव्य वास्तू उभी राहिली. १८९५ साली बद्रुद्दीन हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तरी अंजुमनची धुरा त्यांनी खाली ठेवली नाही. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी केवळ उपदेश केला नाही. स्वतःच्या मुलींना त्यांनी शाळेत घातले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते अंजुमनचे अध्यक्ष होते. आज त्या रोपट्याच्या सावलीत अनेक शाळा-महाविद्यालये नांदत आहेत.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यातील एखादा वर्ग चार मुलांचाच आहे म्हणून त्याला क्षुल्लक लेखू नका. माणूस जातो, परंतु मागे राहिलेला इल्म त्याच्यासाठी सदका-ए-जारिया ठरतो. अल्लाह मरहूमांची ही खिदमत कबूल करो आणि आपल्यालाही तशी तौफीक देवो. आमीन.